घातांक अपूर्णांकात असतो तेव्हा

अपूर्णांक घातांक असलेली समीकरणे हा शालेय बीजगणितातील असा भाग आहे, की तेथे नियम तोंडपाठ असलेला विद्यार्थीही चुकीच्या उत्तरावर निश्चिंत राहू शकतो. घातांक पूर्णांक असेल तर त्याचा अर्थ मोजून दाखवता येतो. पाचचा घन म्हणजे पाच तीनदा घेऊन केलेला गुणाकार. घातांक २/३ असेल तर दोन तृतीयांश वेळा गुणाकार करणे याला काही अर्थ उरत नाही, म्हणून तो अर्थ घातांकांच्या नियमांवरूनच ठरवावा लागतो. एखाद्या संख्येच्या १/३ घाताचा घन केला तर ती संख्याच परत मिळाली पाहिजे, यास्तव १/३ घात म्हणजे घनमूळ. अपूर्णांकाचा छेद कोणते मूळ काढायचे ते सांगतो आणि अंश त्या मुळाचा कितवा घात करायचा ते सांगतो. २७ चा २/३ घात काढताना आधी घनमूळ ३ मिळते आणि मग त्याचा वर्ग ९. एवढी व्याख्या एका बैठकीत शिकवून होते. तिच्यावर उभी राहणारी समीकरणे मात्र मुलांच्या हाती लवकर येत नाहीत, आणि बर्मिंगहॅममधील मराठी कुटुंबांतल्या मुलांना गणित शिकवण्याच्या कामातून जे अनुभवास आले, ते बहुतांशी या समीकरणांविषयीच आहे.

बर्मिंगहॅम आणि त्याला लागून असलेले सॉलिहल येथील मराठी पालकांत डॉक्टर आहेत, संगणक क्षेत्रातील लोक आहेत, आणि टाटा मोटर्सने २००८ मध्ये जग्वार लँड रोव्हर विकत घेतल्यानंतर पुण्याकडून आलेले अभियंतेही आहेत. यांतील अनेकांचे शालेय शिक्षण महाराष्ट्र मंडळाच्या शाळांत झालेले असते, मुलांचे मात्र सर्व शिक्षण इंग्लंडच्या अभ्यासक्रमानुसार चालते. महाराष्ट्रात ‘घातांक व घनमूळ’ हे प्रकरण इयत्ता आठवीत येते आणि त्यातच परिमेय घातांकाची ओळख होते. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षाच्या सुमारास दिल्या जाणाऱ्या जीसीएसई परीक्षेत गणिताचे फाउंडेशन आणि हायर असे दोन स्तर असतात, व अपूर्णांक घातांक हा भाग हायर स्तर घेणाऱ्यांनाच शिकवला जातो. तेथेही भर संख्येची किंमत काढण्यावर असतो. या घातांकांची समीकरणे जीसीएसईनंतरच्या ए-लेव्हल अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात खऱ्या अर्थाने सुरू होतात. ‘सर, हे तर आम्हाला आठवीतच होतं,’ असे पालक म्हणतात तेव्हा त्यांचे म्हणणे खरे असते, परंतु आठवीत शिकलेला नियम आणि सतराव्या वर्षी त्या नियमाला विचारलेला ‘का’ यांत मोठा फरक आहे, आणि हा भाग उशिरा शिकणाऱ्या मुलांना हा ‘का’ विचारण्याइतकी समज आलेली असते हा त्यांचा फायदाच मानला पाहिजे.

येथील शाळांच्या वर्गांत प्रत्येक मुलाजवळ हातात मावेल एवढा पांढरा फळा असतो. प्रश्न विचारला की मुले त्यावर उत्तर लिहून फळा वर धरतात आणि शिक्षकाला एका नजरेत सगळा वर्ग वाचता येतो. शिकवणीच्या टेबलावरही हीच पद्धत उपयोगी पडते. क्षचा २/३ घात १६ आहे, क्ष काढा, असे सांगितले की होणारी कृती जवळजवळ ठरलेली असते. मूल २/३ चा गुणाकार व्यस्त ३/२ घेते, दोन्ही बाजूंना तो घात चढवते, डावीकडे घातांकांचा गुणाकार १ होऊन क्ष एकटा उरतो, उजवीकडे १६ चे वर्गमूळ ४ आणि त्याचा घन ६४. फळ्यावर ‘क्ष = ६४’ येते आणि पेनाचे टोपण लागते. यात एकही पायरी आळसाने केलेली नसते, आणि तरीही अर्धे उत्तर हरवलेले असते, कारण उणे ६४ चे घनमूळ उणे ४ असून त्याचा वर्गही १६ च येतो.

हे उत्तर नेमके कोठे हरवले, हे शोधण्यात एक संपूर्ण तास घालवणे योग्य ठरते. मुलांचा पहिला संशय उजव्या बाजूवर जातो, परंतु चूक डाव्या बाजूला असते. क्षच्या घनमुळाचा वर्ग केला आणि मग त्या वर्गाचे वर्गमूळ घेतले तर घनमूळ परत मिळत नाही. त्याचे केवल मूल्य, म्हणजे चिन्ह सोडून उरलेले धन मूल्य, मिळते. २/३ गुणिले ३/२ बरोबर १ हा गुणाकार निर्दोष आहे, पण ‘घाताचा घात करताना घातांकांचा गुणाकार होतो’ हा नियम पाया धन असतानाच निःशंकपणे वापरता येतो, ही अट वहीच्या कोपऱ्यात कोठेतरी लिहिलेली असते आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. वर्ग करताना चिन्हाची माहिती पुसली जाते व नंतरचे कोणतेही मूळ ती परत आणू शकत नाही, हे मुलाला एकदा स्वतःच्या हाताने दिसले, की घातांकातल्या सम अंशाकडे ते संशयाने पाहू लागते. अध्यापनात अशा क्षणांचे मोल मोठे आहे, कारण त्यानंतर तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागत नाही.

उलट प्रकारची फसगत छेद सम असताना होते. क्षचा ३/२ घात उणे ८ आहे असे समीकरण दिले, तर मुले दोन्ही बाजूंचा वर्ग करून क्षचा घन ६४ आणि क्ष ४ असे झटपट उत्तर देतात. ताळा पाहिला तर ४ चे वर्गमूळ २ आणि त्याचा घन धन ८ येतो. म्हणजे या समीकरणाला वास्तव संख्यांत उकल नाही, आणि मिळालेला ४ हा वर्ग करण्याच्या पायरीतून आत शिरलेला आगंतुक आहे. पहिल्या उदाहरणात एक खरी उकल निसटली होती, येथे एक खोटी उकल आली, आणि दोन्ही वेळा कृती एकच होती. यावरून जो विचार बांधता येतो तो असा, की घातांकाला अतिसंक्षिप्त रूप देऊन आधी त्याचे अंश व छेद पाहावेत : छेद सम असेल तर पाया ऋण असूच शकत नाही आणि उजवी बाजू ऋण असेल तर काम तेथेच थांबते, छेद विषम व अंश सम असेल तर उजवी बाजू धन असताना उकली दोन असतात, दोन्ही विषम असतील तर उकल एकच. हे कोष्टक पाठ करून घेण्याचा मोह आवरला पाहिजे. मुलाने दोन-तीन आलेख काढून ते स्वतः शोधले तर ते टिकते, दिले तर पुढच्या चाचणीपर्यंतही टिकत नाही.

क्ष अधिक क्षच्या वर्गमुळाची दुप्पट बरोबर १५, अशा समीकरणात वर्गमुळाला य मानले की यचे साधे वर्गसमीकरण तयार होते, अवयव पाडता येतात आणि यच्या किमती ३ व उणे ५ येतात. येथे विद्यार्थ्यांचे दोन गट पडतात. काही जण दोन्हींचे वर्ग करून ९ आणि २५ अशी दोन उत्तरे लिहितात. काही जण उणे ५ ला पाहताच तो खोडतात, परंतु का खोडला हे लिहीत नाहीत. दुसऱ्या गटाला परीक्षेत गुण मिळण्याची शक्यता अधिक असली तरी शिकवणाऱ्याची काळजी याच गटाविषयी अधिक असते, कारण घनमुळाला य मानलेल्या समीकरणात यची ऋण किंमत पूर्णपणे वैध असते आणि ही मुले सवयीने तीही खोडून टाकतात.

या सर्व विचाराला मराठी मुलुखातच एक जुना आणि फार सुंदर आधार सापडतो. शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये, जन्मलेल्या भास्कराचार्यांनी स्वतःचे स्थान सह्याद्रीच्या परिसरात असल्याचे सांगितले आहे, आणि चाळीसगावजवळच्या पाटणे येथील १२०७ चा शिलालेख त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचे नोंदवतो. त्यांच्या लीलावतीत भुंग्यांचे प्रसिद्ध उदाहरण आहे : थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ एवढे भुंगे मालतीच्या झाडाकडे गेले, थव्याचे आठ नवमांशही तिकडेच गेले, आणि उरलेल्या जोडीतला एक कमळात अडकला असून दुसरी बाहेर गुंजारव करते आहे, तर एकूण भुंगे किती. आजच्या भाषेत हे १/२ घातांकाचे समीकरण आहे. थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ य मानले तर थवा यच्या वर्गाची दुप्पट होतो, आणि दुप्पट यवर्ग उणे ९य उणे १८ बरोबर शून्य असे वर्गसमीकरण मिळते. यच्या किमती ६ आणि उणे दीड. सहावरून थवा ७२ चा येतो : ६ आणि ६४ आणि २, ताळा जुळतो. उणे दीडवरून साडेचार येतात. साडेचार भुंगे हास्यास्पद आहेत म्हणून मुले ते सोडून देतात, परंतु त्यांना भुंगे विसरून निव्वळ संख्येचा ताळा पाहायला लावले तर दीड अधिक चार अधिक दोन बरोबर साडेसात येतात आणि ही किंमत समीकरणालाच मान्य नाही हे कळते. भुंगे अर्धे नसतात हे कारण एका उदाहरणापुरते आहे, वर्गमुळाची किंमत ऋण नसते हे कारण सर्वत्र लागू पडणारे आहे, आणि मुलाने पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाणे हीच बीजगणितातली प्रगती होय.

भास्कराचार्यांच्याच बीजगणित या ग्रंथातले वानरांचे उदाहरण याहूनही सूक्ष्म आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग एवढे वानर गुहेत गेले आणि एक फांदीवर दिसतो आहे, तर कळप केवढा, या प्रश्नाला ५० आणि ५ अशी दोन उत्तरे निघतात व दोन्ही समीकरणात बसतात. पाच हे उत्तर मात्र भास्कराचार्य स्वीकारत नाहीत, कारण पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन वजा केले की ऋण दोन वानर उरतात, आणि अशा ऋण राशीवर लोकांचा विश्वास बसत नाही. बर्मिंगहॅममधल्या सोळा वर्षांच्या मुलापुढे हे उदाहरण ठेवले, की त्याचा एक गैरसमज दूर होतो : उकल नाकारण्याची कारणे दोन वेगळ्या जातींची असतात. भुंग्यांची दुसरी किंमत गणिताने नाकारली, वानरांची दुसरी किंमत गोष्टीने नाकारली. ए-लेव्हलच्या उत्तरपत्रिकेत ‘म्हणून ही किंमत अग्राह्य’ एवढे लिहून भागत नाही, कारणही लिहावे लागते, आणि ते कोणत्या जातीचे आहे हे ज्याला कळले त्याचे वाक्य आपोआप नेटके उतरते.

सराव ज्या उदाहरणांवर होतो ती बहुधा निराकार असतात, आणि मुले विचारतात की २/३ सारखा घात प्रत्यक्षात येतो कोठे. बर्मिंगहॅममध्ये या प्रश्नाचे उत्तर घराच्या नळाला येते. मुंबईसाठी तानसा धरण पुरे झाले त्याच १८९२ मध्ये बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेला वेल्समधील एलान खोऱ्यातून पाणी आणण्याचा कायदेशीर अधिकार मिळाला. जेम्स मॅनसर्ग या अभियंत्याने योजना आखली आणि २१ जुलै १९०४ रोजी राजे सातवे एडवर्ड यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. खोऱ्यापासून शहराच्या कडेवरील फ्रँकली जलाशयापर्यंतचे सुमारे ७३ मैल, म्हणजे ११८ किलोमीटर, पाणी पंपाशिवाय केवळ उतारावरून वाहते. एकूण उतार सुमारे ५२ मीटरचाच, म्हणजे दर २३०० मीटरला एक मीटर एवढा मंद, आणि पाण्याला पोहोचायला दीड दिवस लागतो. अशा वाहिनीतील वेगासाठी आज सर्वत्र वापरले जाणारे सूत्र आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग यांच्या नावाने ओळखले जाते, आणि त्यांनी ते १८८९ मध्ये मांडले. त्या सूत्रानुसार वेग हा जलीय त्रिज्येच्या २/३ घाताच्या आणि उताराच्या १/२ घाताच्या गुणाकाराला वाहिनीच्या खडबडीतपणाच्या अंकाने भागून मिळतो. जलीय त्रिज्या म्हणजे पाण्याच्या छेदाचे क्षेत्रफळ भागिले त्या छेदातील भिजलेल्या कडेची लांबी.

दीड दिवसात ११८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ०.९ मीटर. खडबडीतपणाचा अंक विटांच्या किंवा काँक्रीटच्या वाहिनीला शोभेल असा ०.०१५ धरला, आणि १/२३०० चे वर्गमूळ ०.०२०९ घेतले, तर जलीय त्रिज्येचा २/३ घात सुमारे ०.६५ येतो, त्याला ३/२ घात चढवला की त्रिज्या साधारण ०.५२ मीटर निघते. धरलेल्या अंकावर उभा असलेला हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे, हे विद्यार्थ्याला बजावून सांगावे लागते. तथापि हे उत्तर माणूस वाकून चालू शकेल अशा मोठ्या वाहिनीचे आहे हे पाहून त्याला आकड्यांवर विश्वास बसतो. येथे दुसरी, ऋण उकल शोधण्याची गरज पडत नाही, कारण त्रिज्या धनच असणार. अभियंत्याच्या हाती हे सूत्र कधी दगा देत नाही याचे कारण त्याच्या राशी मुळातच धन असतात. नुसता क्ष हाती आलेल्या विद्यार्थ्याला ते संरक्षण नसते. आणखी एक गोष्ट मुलांना फार आवडते : खुद्द मॅनिंग यांना हे सूत्र तितकेसे पसंत नव्हते, आणि त्याच्या कारणांपैकी एक असे, की घनमूळ काढून त्याचा वर्ग करणे त्या काळी कष्टाचे काम होते. जीसीएसईच्या तीन प्रश्नपत्रिकांपैकी गणकयंत्राविना द्यायची जी पत्रिका असते, तिचा सराव करणाऱ्या मुलांना मॅनिंग यांची ही तक्रार लगेच पटते.

एजबॅस्टन येथील बर्मिंगहॅम विद्यापीठात गणित विभागाच्या इमारतीला जी. एन. वॉटसन यांचे नाव आहे. १९१८ ते १९५१ या काळात ते येथे प्राध्यापक होते आणि रामानुजन यांच्या वह्यांतील सूत्रे सिद्ध करण्यात त्यांनी अनेक वर्षे घातली. त्या वह्यांची छायाप्रत पुढे १९५७ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने प्रसिद्ध केली. वॉटसन ज्या राशींवर खपले त्यांच्या व्याख्येच्या आरंभीच २ चा उणे १/४ घात आणि एका धन संख्येचा उणे १/२४ घात उभा असतो. चोविसावे मूळ घेताना कोणते मूळ, हा प्रश्न तेथे पाया धन ठेवूनच सोडवलेला आहे, आणि ए-लेव्हलच्या मुलाला एवढे सांगितले तरी त्या इमारतीजवळून जाताना त्याला आपल्या अभ्यासाची थोडी ओळख पटते.

शिकवण्याच्या पद्धतीत या अनुभवातून जे बदल होत गेले ते बाहेरून पाहणाऱ्याला किरकोळ वाटतील. उकल लिहिण्यापूर्वी क्षच्या कोणत्या किमती चालतील ही ओळ वहीत सर्वांत वर येते. ताळ्याची ओळ हा उकलीचाच भाग धरला जातो, वेळ उरला तर करायची गोष्ट नव्हे, आणि येथील शाळांच्या रिवाजाप्रमाणे मूल आपली दुरुस्ती हिरव्या किंवा जांभळ्या शाईने करते, त्यामुळे कोणती किंमत ताळ्यात पडली ते महिन्यांनंतरही वहीत दिसते. पाया ऋण असताना विषम मूळ घ्यायचे की नाही हा संकेताचा प्रश्न आहे व काही पुस्तके पाया धनच मानतात, त्यामुळे क्षचा २/३ घात १६ या समीकरणाला त्या पुस्तकांत ६४ हेच एकमेव उत्तर ठरते; हेही मुलांना उघडपणे सांगितले जाते, कारण दोन पुस्तकांत दोन उत्तरे पाहून गोंधळलेले मूल बहुधा स्वतःलाच दोष देते आणि ते पाहवत नाही.

संकेताचा हा प्रश्न संगणकासमोर आणखी तीव्र होतो. अनेक शाळांत शिकवल्या जाणाऱ्या पायथॉन या भाषेत उणे ८ चा १/३ घात विचारला तर उणे २ येत नाही, वास्तव आणि काल्पनिक अशा दोन भागांची एक संमिश्र संख्या येते. चौकस मुले याहून मार्मिक कोडे स्वतःच शोधून आणतात : १/३ आणि २/६ हे एकच अपूर्णांक असताना उणे ८ चे घनमूळ उणे २ येते, पण आधी वर्ग करून ६४ चे सहावे मूळ घेतले तर धन २ येते. जीसीएसईच्या पातळीवर याचे उत्तर ‘घातांक आधी अतिसंक्षिप्त करा’ एवढेच देता येते, आणि ते अपुरे असल्याचे त्या मुलांनाही जाणवते.

ए-लेव्हलबरोबर फर्दर मॅथ्स घेणाऱ्यांना पुढे संमिश्र संख्या शिकवल्या जातात, तेव्हा हे कोडे पुन्हा काढावे आणि त्यावर घाई करू नये. संमिश्र संख्यांच्या प्रतलावर उणे ८ ची घनमुळे तीन आहेत : उणे २, आणि वास्तव भाग १ असलेल्या दोन संमिश्र संख्या, तिन्ही दोन त्रिज्येच्या एकाच वर्तुळावर १२० अंशांच्या अंतराने. पायथॉनने दिलेले उत्तर त्यांपैकीच एक असते. ६४ ची सहावी मुळे मात्र सहा असतात, त्याच वर्तुळावर ६० अंशांच्या अंतराने, आणि त्यांत उणे ८ ची तिन्ही घनमुळे आहेतच, शिवाय धन ८ ची तिन्हीही आहेत, कारण उणे ८ चा वर्ग करताना ८ चाही वर्ग तोच येतो. मूल कंपास घेऊन ते वर्तुळ आखते, सहा बिंदू एकाआड एक दोन रंगांनी रंगवते, आणि आपल्या कोड्यातला धन २ दुसऱ्या रंगात पडला असल्याचे त्याला दिसते.